घाटात दुसऱ्याचं चाक धरू नका

या आठवड्याचं पत्र जालन्याहून आलं आहे. जागेपुरतं थोडं कमी करून देते.

“ताई, माझं वय ४१, वजन ७८ किलो. मोंढ्यात बियाण्यांच्या दुकानात हिशेब पाहतो. तीन वर्षांपूर्वी एक जुनी रोड बाइक घेतली, तेव्हापासून पहाटेची सायकल चुकलेली नाही. गेल्या वर्षी संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळला जाऊन परत यायच्या हौशी स्पर्धेत उतरलो. सपाटीवर पुढच्या घोळक्यात होतो. दौलताबादच्या घाटात त्यांच्याच मागे राहायचं म्हणून जीव काढला आणि अर्ध्या घाटात पाय संपले. उतरून सायकल ढकलत वर गेलो. वर बायको आणि बारा वर्षांचा मुलगा उभे होते. पोरगा काही बोलला नाही, घरी येईपर्यंत गप्पच होता. खुलताबादलाच मी स्पर्धा सोडली. यंदा पुन्हा नाव दिलंय, आठ आठवडे उरलेत. दोन किलोंनी हलकी कार्बनची सायकल पाहून ठेवलीय, त्यासाठी एफडी मोडू का? जालन्यात घाट नाही, सराव कुठे करू? उताराची मला पहिल्यापासून धास्ती आहे. आणि खरं सांगतो, मुलासमोर पुन्हा उतरावं लागलं तर, हे मनातून जात नाही.”

भाऊ, तुमचे पाय संपले ते घाटाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच. तुम्हाला कळलं मात्र अर्ध्या घाटात. हा घाट मी गेली वीस वर्षं चढते आहे आणि दर स्पर्धेत त्याच वळणांवर तुमच्यासारखीच चांगली तयारीची माणसं उतरलेली पाहते. त्यांच्या पायांत ताकद कमी असते असं नाही. दुसऱ्याच्या वेगाने घाटात शिरतात, एवढंच चुकतं.

प्रत्येकाच्या दमाची एक हद्द असते. हद्दीच्या आत राहिलात तर तासभर चढता येतं. बाहेर गेलात की तिथून पुढे मिनिटं मोजायची. सपाटीवर हद्द ओलांडली तरी पुन्हा घोळक्यात शिरून, दोन मिनिटं पाय सैल सोडून सावरता येतं. घाटात ती सोय नाही. पाय थांबले की सायकल थांबते.

आता घोळक्याचं गणित बघा, कारण तुमची फसगत तिथेच झाली. सपाटीवर ताशी ३५ किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ, त्याच्या आडोशाला राहिलात की साधारण पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून शहरातून दौलताबादपर्यंत तुम्ही तिशीच्या पोरांबरोबर राहू शकलात, आणि ते योग्यच केलंत. यंदाही तिथे घोळक्यातच राहा. पण चढ लागला आणि वेग ताशी १०-१२ वर आला की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ उरतच नाही. सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. पुढचा पोरगा तुमच्यासाठी वारा कापू शकतो, तुमचे ७८ किलो तो उचलू शकत नाही. म्हणजे घाटात त्याचं चाक धरून ठेवण्यात तुमचा काडीचा फायदा नाही, आणि दम मात्र त्याच्या मापाने खर्च होतो.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये चढाच्या शर्यतीतल्या अव्वल स्वाराला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, १९७५ पासून. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच शर्यतीत मागे काय चालतं ते फार कमी लोक सांगतात. सपाटीवर जगात ज्यांना तोड नाही असे दणकट स्प्रिंटर मोठ्या घाटांच्या दिवशी पहिल्या चढालाच पुढच्यांना जाऊ देतात. मागे आपली टोळी करतात, तिला ग्रुपेटो म्हणतात, आणि ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचायचं एवढंच धोरण ठेवून एका लयीत चढतात. जगातले सर्वोत्तम सायकलस्वार घाटात पुढच्यांना बिनधास्त सोडतात. तुम्हीही सोडा.

यंदा घाट सुरू होताना असं करा. पहिला चढ पायाला लागला की सर्वांत हलक्या गिअरवर या, गरज पडायच्या आधीच. लोक तुमच्या बाजूने पुढे जातील. दहा जातील, वीस जातील, त्यातला एखादा ओळखीचा हाकही मारेल. जाऊ द्या. पहिली पाच मिनिटं “हे फारच हळू होतंय” असं वाटलं पाहिजे. खूण सोपी आहे: आठ-दहा शब्दांचं एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोलून बघा. मध्ये श्वास न तुटता बोलता आलं तर ठीक. तुटलं तर वेग अर्ध्या-एक किलोमीटरने उतरवा. मी स्वतः दर वळणाला “अजून वळणं बाकी आहेत, घाई करायची नाही” असं पुटपुटते, शेजारचे बघतात, चालतं. घाटाचा शेवटचा तुकडा दिसायला लागला की उरलेलं सगळं काढा. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत पुढे गेलेल्यांपैकी बरेच जण परत तुमच्या बाजूला दिसतील.

बसून की उभं राहून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. बसून. उभं राहिलं की ताकद जास्त लागते आणि नाडी चढते. पाठ आखडली, किंवा चढ एकदम अंगावर आला, की दहा-पंधरा पायडल उभ्याने मारा आणि परत बसा. हात हँडलच्या वरच्या आडव्या दांडीवर, कोपर सैल, जबडासुद्धा सैल. जबडा आवळला की खांदे आवळतात आणि श्वास आखूड होतो.

आता एफडीबद्दल. मोडू नका. आधी घरातली सायकल बघा.

सायकल उलटी करा. मागच्या चाकावरच्या चकत्यांतली सर्वांत मोठी शोधा, एका दातावर खडूने खूण करा, बोट लावून एकेक दात मोजा. मग पुढच्या दोन चकत्यांतली लहान मोजा. तुमची बाइक जुनी आहे म्हणता, त्यावरून माझा अंदाज पुढे ३९ आणि मागे २५ असा आहे. तसं असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वातीन मीटर पुढे जाते. शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला तर प्रत्येक फेऱ्याला तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ९० किलो वजन २० सेंटिमीटर वर उचलता. मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर ताशी जवळजवळ १२ किलोमीटर वेग हवा. तेवढा दम नसेल तर फेरे चाळीसवर येतात, प्रत्येक फेरा दगड ढकलल्यासारखा होतो, आणि आधी मांड्या जातात, मग माणूस उतरतो. तुमचं नेमकं हेच झालं असणार.

त्याच सायकलला मागे ३२ दातांपर्यंतचा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवला तर एका फेऱ्यात अडीच मीटर, आणि वजन उचलायचं १५ सेंटिमीटर. साठ फेऱ्यांना ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. पाव हिस्सा ओझं पायावरून उतरलं. याला नवा कॅसेट, थोडी लांब चेन आणि बहुधा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) लागेल, कारण जुन्या आखूड पिंजऱ्यात ३२ मावत नाही. जालन्यात हे काम होत नसेल तर एखाद्या शनिवारी सायकल घेऊन संभाजीनगरला या. रोड बाइकची कामं करणारा कारागीर अर्ध्या दिवसात बसवून, गिअर लावून देतो. मोजल्यावर पुढे ३४ निघाले तर आणखी चांगलं, मग मागे २८ सुद्धा पुरतील.

आणि ती दोन किलोंनी हलकी कार्बनची सायकल? ९० किलोंत दोन किलो म्हणजे सव्वादोन टक्के. चाळीस मिनिटांच्या चढात फार तर पन्नास सेकंद. पहिल्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्याला पन्नास सेकंद फार मोठे. तुमच्या घरातल्या ठेवीपुढे ते काहीच नाहीत. दोन-तीन वर्षं घाट चढून झाले, पैसे वरचे असले, मन झालं, तर खुशाल घ्या, चांगली सायकल ही सुखाची गोष्ट आहे. यंदा नको.

सरावाला घाट नाही म्हणता, पण जालन्यात वारा आहे ना? मोकळ्या रानातल्या रस्त्यावर समोरून येणारा वारा हाच सपाटीवरचा घाट. तो पायाला तसाच सतत दाबून धरतो, विसावा देत नाही. आठवड्यातून एकदा, बुधवार धरा, वाऱ्याच्या तोंडाला आठ मिनिटं जड गिअरमध्ये बसून चालवा. मिनिटाला ५५-६० फेरे, बोलायचं झालं तर दोन-तीनच शब्द निघतील इतका जोर. मग चार मिनिटं सैल. असं चार वेळा. गुडघ्याच्या वाटीच्या मागे किंवा खाली दुखायला लागलं तर गिअर हलका करा, हट्ट धरू नका. दुसऱ्या एखाद्या दिवशी तासभर नुसतं आरामात, गप्पा मारत. रविवारी लांबचं, तीन ते चार तास. राजूरला जा, गणपतीची टेकडी शेवटी थोडं चढायलाही लावते. जालन्यापासून पंचवीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन पन्नास, त्यात आजूबाजूचे रस्ते जोडा. अंगारकीला मात्र त्या रस्त्याला जाऊ नका, गर्दीत सायकल निघत नाही.

बरीच माणसं उलटं करतात. रोजच अर्धवट जोरात चालवतात, ना धड विसावा, ना धड घाम. आठवड्यातले बहुतेक तास सोपे आणि एकच दिवस खरा अवघड, यानेच दम वाढतो. हे मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती.

आठ आठवड्यांत दोनदा तरी प्रत्यक्ष वाटेवर या. सायकल गाडीवर टाकून आणा, पहाटे लवकर निघा, दौलताबादच्या किल्ल्याखाली सुरुवात करा. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटरवर आणि संभाजीनगर ५६८ वर, म्हणजे जवळपास ५०० मीटर चढायचे असतात. हे सगळं एका दमात नाही. दौलताबादचा घाट संपला की खुलताबादपर्यंत रस्ता जरा श्वास घेऊ देतो, आणि तिथून म्हैसमाळचे शेवटचे बारा किलोमीटर पुन्हा चढत जातात. गेल्या वर्षी तुम्ही पहिल्याच घाटात सगळं ओतलंत, पुढचे बारा किलोमीटर तर बघितलेच नाहीत. ते एकदा बघून ठेवा. कुठे सावली आहे, कुठे डांबर उखडलंय, कुठे चढ फसवा आहे हे पायाला माहीत असलं की मन घाबरत नाही. वर गिरिजामातेच्या देवळाशी थांबून पाणी प्या, मग उतरा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर चालत जाणारी माणसं याच रस्त्याने जातात. आता ती गर्दी नसेल, तरी शनिवार टाळा.

उताराची धास्ती आहे म्हणालात. ती पूर्ण जाऊ देऊ नका. मला ती नव्हती. काही वर्षांपूर्वी थंडीतल्या एका सकाळी याच घाटात उतरत होते. रस्ता तोंडपाठ, हात वरच्या दांडीवर, मनात घरचा चहा. एका डाव्या वळणावर कुठल्याशा गाडीतून सांडलेला मुरूम बारीक पसरला होता, रस्त्याच्याच रंगाचा. मला तो दिसला तेव्हा मी वळणात होते, आणि मी वळणातच ब्रेक दाबला. पुढचं चाक बाजूला निसटलं. आवाज आठवतो, पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. कॉलरबोन मोडलं, दोन महिने सायकल नाही. ब्रेक वळणाच्या आधी दाबला असता तर काही झालं नसतं.

ब्रेकचं एवढं पक्कं ठेवा. वळण दिसलं की सरळ रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवा, आणि वळणात शिरताना ब्रेक सोडून द्या. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी २० ला जे चार-पाच मीटरमध्ये थांबतं, ते ४० ला थांबायला सोळा-वीस मीटर घेतं, आणि तेवढा सरळ रस्ता घाटात पुढे दिसतच नाही. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात ठेवा, तिथून ब्रेकवर जोर चांगला येतो आणि वजन खाली राहतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळं वजन त्या पायडलवर. नजर जिथे जायचंय तिथे, वळणाच्या पलीकडे. कठड्याकडे बघाल तर सायकल कठड्याकडेच जाते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारे, असतील तर लांब उतारावर सतत घासत ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा.

आणि स्पर्धेतसुद्धा आपली बाजू सोडायची नाही. रस्ता पूर्ण बंद केला आहे असं आयोजकांनी सांगितलं तरी समोरून दुचाकी येणारच, वानरं आडवी जाणारच, कुत्रं बसलेलं असणारच. उसाचा हंगाम सुरू झालेला असेल, दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळणावर अख्खा रस्ता घेतो. उतारावर तुम्ही चाळीस माणसांना मागे टाकलंत तरी मला आनंद होणार नाही. हळू उतरा, तुमचा वेळ चढावर कमवा.

खाण्याचं थोडक्यात. आदल्या रात्री भात-वरण, तिखट कमी, ठेचा-भाकरी दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर. सायकलवर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साखर-पिष्ट, पोटात जायला हवीत. एक मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, बाकी खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. शेंगदाण्याचा लाडू चविष्ट पण तुपा-तेलाचा, तो पचायला वेळ घेतो, तो परतल्यावर खा. घाटात चावता येत नाही, म्हणून पायथ्याच्या पंधरा मिनिटं आधीच खाऊन घ्या. दोन बाटल्या न्या. एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या मापाने केलेलं, वर लिंबू पिळून. नवं काही त्या दिवशी चाखायचं नाही, सगळं आधी रविवारच्या फेरीत पोटाला दाखवून घ्या.

टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नका. २५ मिलिमीटरच्या टायरला तुमच्या वजनाला ८० ते ९० पीएसआय पुरे. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर कडक टायर उड्या मारतो आणि पकड सोडतो. आदल्या दिवशी दोन्ही टायर बोटाने चाचपून बाभळीचे काटे काढा. काटा आत असला तरी कधीकधी हवा लगेच जात नाही, घाटात जाते.

एक गोष्ट मात्र सोडू नका. वय ४१ आहे, सगळा दम लावायचा आहे, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. ते ट्रेडमिलवरची तपासणी करा म्हणाले तर तीही करा. आणि चढताना छातीत दाब आला, हात किंवा जबडा भरून आला, डोळ्यांपुढे अंधारलं, तर तिथेच थांबायचं आणि मदतीला हाक मारायची. तेव्हा कोण बघतंय हा विचार करायचा नाही.

आता मुलाचं. तो गप्प होता, एवढंच तुम्हाला दिसलं. तो लाजला हे तुम्ही स्वतःच ठरवलंत. बारा वर्षांच्या मुलाला घामाने भिजलेला, पाय थरथरणारा बाप दिसतो तेव्हा तो घाबरतो. काय बोलावं हे त्याला कळत नाही, आणि बाप काही बोलला नाही तर तोही बोलत नाही. एक वर्ष तुम्ही दोघं त्या विषयाभोवती गप्प आहात, मला तेच जास्त लागतं. त्याला आजच सांगा की मी घाईने घाटात शिरलो आणि पाय संपले, यंदा वेगळं करणार आहे. दात मोजायला त्यालाच बसवा. खडू त्याच्या हातात द्या, गणित त्याला करू द्या, ते त्याला नक्की जमेल.

उतरावं लागलं तर उतरा. आंतरराष्ट्रीय नियमांतही सायकल सोबत असेल तर पायी अंतिम रेषा ओलांडायला मुभा आहे. वीस पावलं चाला, श्वास खाली येऊ द्या, जरा कमी चढाची जागा बघून परत बसा. गेल्या वर्षी ढकलणं चुकलं नव्हतं. वर पोचल्यावर दहा मिनिटं बसून, केळं खाऊन पुढे निघाला असतात तर कदाचित म्हैसमाळ झालं असतं.

यंदा मुलाला नुसतं बघायला उभं करू नका, त्याला काम द्या. बाहेरून पाणी घ्यायची परवानगी आहे का हे आयोजकांना आधी विचारा. असेल तर घाट संपून रस्ता सपाट होतो तिथे, डाव्या कडेला, आईसोबत त्याला उभं करा. बाटली त्याने वरून टोपणाजवळ बोटांनी धरायची, म्हणजे तुमच्या पंजाला मधला भाग मोकळा मिळतो. तुम्ही जवळ आलात की त्याने तुम्ही जाताय त्याच दिशेला, तुमच्या बरोबरीने चार पावलं धावायची आणि तुमच्या हाताची ओढ लागली की सोडून द्यायची. हे जमायला सराव लागतो. संध्याकाळी कॉलनीतल्या रस्त्यावर दहा-बारा वेळा करून बघा, सुरुवातीला रिकाम्या बाटलीने.